तोंडी संमती

आमच्या रुग्णालयाच्या दारावर दोन पाट्या आहेत. वरची म्हणते, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' खालची म्हणते, 'येथे गर्भाची बाजू-तपासणी मोफत केली जाते.' वरची कडेनं गंजली आहे, खालचीला जेमतेम चार वर्षं झाली. मुलगा की मुलगी ते विचारायचं नाही, डावं की उजवं ते खुशाल विचारा, असा एकूण मामला. खालच्या पाटीमागची खोली माझी. मी ऊर्मिला नलवडे, या तालुक्याची एकमेव बाजू-समुपदेशक. काजूच्या बागा, काजूचे कारखाने आणि घाटातला एक रस्ता एवढाच आमचा तालुका, त्यामुळे एक पुरते असं वर ठरलं असणार.

जे रोज सांगते ते इथंही सांगून टाकते. माणूस बाहेरून दोन्हीकडे सारखा दिसतो, आतून नसतो. तिसऱ्या आठवड्यात गर्भ तिळापेक्षाही लहान असतो. त्याच्यावर एक खळगी असते आणि तिच्यातले सूक्ष्म केस एकाच दिशेनं गरगरत असतात. त्यामुळे तिथल्या द्रवाला डावीकडे ओढ लागते आणि डाव्या बाजूची काही जनुकं जागी होतात. हृदय कुठं, यकृत कुठं, ते तिथं ठरतं. मेंदूचं मात्र निराळं. ज्यांचं हृदय जन्मतः उजवीकडे असतं त्यांचीही भाषा बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्याच भागात असते. म्हणजे मेंदूला बाजू सांगणारं कुणी दुसरंच आहे.

ते 'कुणी' एकटं नाही. पेशींचा सांगाडा उभारणारी, पेशींना वाढीचा वेग देणारी पुष्कळ जनुकं आहेत. प्रत्येकाचा धक्का अगदी हलका, पण सगळ्यांचा मिळून एक जोर तयार होतो. आठव्या आठवड्यात मज्जारज्जूच्या दोन बाजू एकाच वेगानं वाढत नसतात, डावी जराशी पुढे असते. हात हलायला लागतात तेव्हाच बहुतेकांचा उजवा जास्त हलतो, आणि त्या वेळी मेंदूची हातांवर हुकमत बसलेलीही नसते. या सगळ्या जोराला आम्ही 'कल' म्हणतो. नवं सोनोग्राफी यंत्र आणि आईच्या रक्ताची एक नळी यांवरून तो शून्य ते दहामध्ये मोजता येतो. सहा-सातच्या पुढे असेल तर भाषा डावीकडे नीट बसते. दोनच्या खाली असेल तर दोन्ही बाजू भाषेवर हक्क सांगतात. एका स्टिअरिंगवर दोन ड्रायव्हर बसले तर काय होईल, असं मी लोकांना सांगते. गाडी बहुतेक वेळा चालते. शंभरातली तीसेक मुलं उशिरा बोलतात, अडखळतात किंवा वाचताना अक्षरांशी झगडतात. घरात आधीच कुणी तसं असेल तर पंचेचाळीस.

अकरावा आठवडा संपायच्या आत एक इंजेक्शन देता येतं. डाव्या बाजूला 'तू पुढे हो' असा निरोप नेणाऱ्या प्रथिनाची ती नक्कल असते. त्यानं पंचेचाळिसाचे आठ होतात. चारशेत एखादा गर्भ पडतो. बालवाडीत डावखुरी मुलं दिसेनाशी झाली आहेत, हे आता मास्तरही सांगतात. आणखी काय दिसेनासं होतंय ते कळायला ही मुलं मोठी व्हायला हवीत. एवढं सांगून मी थांबते. घ्या किंवा घेऊ नका असं म्हणायचं नाही, हा माझ्या नोकरीचा पहिला नियम.

दुसरा नियम तोंडी संमतीचा. सुरुवातीच्या वर्षी सह्या सासवा करत होत्या. म्हणून कायदा बदलला. आता आई आणि वडील दोघांनी आपापला निर्णय कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडानं, पूर्ण वाक्यात सांगायचा. कुणी पढवू नये म्हणून नव्वद सेकंदांची मर्यादा. ती उलटली की यंत्र बंद पडतं आणि पुन्हा नंबर लावावा लागतो. बोलायला अडचण असलेल्यांसाठी अर्जावर 'वाचादोष' असा चौकोन आहे. त्यावर खूण केली की वेळेचं बंधन राहत नाही.

माझ्या भावाच्या अर्जावर ती खूण मी केली नाही. गोष्ट खरं तर इथूनच सुरू होते.

धैर्यशील माझ्याहून आठ वर्षांनी लहान. नाव वडिलांनी हौसेनं ठेवलं, आणि 'ध' हेच त्याचं सगळ्यात अवघड अक्षर निघालं. बालवाडीच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं. तो 'ध, ध, ध' करत लाल झाला आणि दारातून मी ओरडले, "धैर्यशील!" तेव्हापासून मी त्याचं बोलतेच आहे. दुकानात, दवाखान्यात, मुलाखतीला. लग्नात उखाण्याच्या वेळी पहिली ओळ कशीबशी झाली आणि तो अडला, तर दुसरी ओळ मी म्हटली. मांडव हसला. धैर्याही हसला. त्याला मुका, तोतरा म्हणणाऱ्या किती पोरांना मी बदडलं असेल याची मोजदाद नाही. आमच्या धैर्याला काहीही झालेलं नाही, हे मी चौतीस वर्षं ठणकावून सांगत आले. मग मीच त्याच्या नावासमोर 'वाचादोष' कशी लिहू?

तो काजूच्या कारखान्यात प्रतवारीच्या यंत्रावर असतो. अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. तिथं इतका आवाज असतो की कुणीच कुणाशी बोलत नाही. त्याला ते आवडतं. त्याची बायको समृद्धी गावोगाव टपाल वाटते. ती मोजकं बोलते, पण बोलते तेव्हा ऐकावं लागतं.

त्यांच्या गर्भाचा कल एक पूर्णांक चार आला.

नातेवाइकांचं समुपदेशन करायचं नसतं. त्यांना कोल्हापूरला पाठवायला हवं होतं. पण तिथं अनोळखी माणसांपुढं धैर्या दोन शब्द बोलू शकला नसता, असं मी ठरवून टाकलं. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं. 'नाते' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं.

दोघं समोर बसले. मी सगळं समजावलं, जसं इतरांना समजावते तसंच. धैर्यानं एकही प्रश्न विचारला नाही. समृद्धीनं एकच विचारला, "चारशेत एक म्हणजे इथं आजवर किती झाले?"

"एक," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. मी कॅमेरा सुरू केला.

"आ... आम्हाला," धैर्या म्हणाला, "ते इं... इं... इंजेक्शन..."

आणि अडला. जबडा घट्ट, मानेची शीर वर आलेली, डोळे भिंतीवर कुठंतरी. पडद्यावर सेकंद पळत होते. साठ. सत्तर. समृद्धी त्याच्याकडे न बघता शांत बसली होती, ती नेहमी तशीच बसते. मला मात्र ते बघवत नाही, कधीच बघवलं नाही. एक्क्याऐंशीव्या सेकंदाला मी म्हणाले, "नकोय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली.

"बरोबर?" मी विचारलं. त्यानं पुन्हा मान हलवली. यंत्रानं वाक्य लिहून घेतलं, 'आम्हाला ते इंजेक्शन नकोय', आणि खाली 'वडिलांनी पुष्टी केली' असं उमटवलं. समृद्धी क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यांचं जे म्हणणं तेच माझं. इंजेक्शन नको."

ते गेल्यावर मला बरं वाटलं. भाऊ स्वतःला कमी समजत नाही, आपल्यासारखं मूल व्हायला त्याची हरकत नाही, याचा अभिमानही वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता खरा.

बरोबर नऊ दिवसांनी, सोमवारी सकाळी, समृद्धी टपालाच्या गणवेशात माझ्या खोलीत आली. बसली नाही.

"अक्का, एक विचारू? त्या दिवशी यांच्या वतीनं तुम्ही बोललासा ते कशावरून?"

"कशावरून म्हणजे? त्याला तेच म्हणायचं होतं."

तिनं फोन पुढं केला. धैर्या लिहितो मात्र झरझर. फोनवर त्यानं तिला अक्षरांची यादी पाठवली होती. 'ही चालतील: म, न, ल, र, व. ही नकोत: ध, क, प, ब, ग, त. नाव यातनंच काढूया. पोराला स्वतःचं नाव सांगता आलं पाहिजे.'

"काल ही यादी आली," समृद्धी म्हणाली. "मी म्हटलं, एवढी काळजी वाटती तर मग नको कशाला म्हणालासा? खाली वाचा की."

खाली त्याचं उत्तर होतं. 'मी नको म्हणालो नाही. मला पाहिजे म्हणायचं होतं. अक्का नको म्हणाली. ती रोज तेच काम करते, तिला काहीतरी माहीत असणार, म्हणून मान हलवली.'

मी ते दोनदा वाचलं. समुपदेशकानं सल्ला द्यायचा नाही, आणि माझ्या भावानं माझा शब्द सल्ला म्हणून घेतला होता. समृद्धीनं तो नवऱ्याचा निर्णय म्हणून घेतला होता. तिघांपैकी एकालाही दुसऱ्याचं खरं म्हणणं माहीत नव्हतं, आणि नोंद मात्र शिक्क्यासकट झालेली.

"तुझं काय म्हणणं होतं?" मी विचारलं.

"ते मी तुमाला का सांगू?" ती शांतपणे म्हणाली. "ते मी क्यामेऱ्याला सांगीन. दिवस किती उरल्यात तेवढं सांगा."

"चार."

"मग बघा काय ते," असं म्हणून ती टपाल वाटायला गेली.

आमचे अधीक्षक डॉ. नदाफ भला माणूस. सगळ्यांचं सगळं निभावून नेण्यात त्यांची हयात गेली. मी सांगितलं ते त्यांनी चहा पिता पिता ऐकलं.

"एवढंच ना? यंत्रात बिघाड झाला म्हणून लिहा आणि परत घ्या की संमती. आजच घ्या. कोण बघतंय?"

"आणि नात्याचं?"

"कुठलं नातं? मला काही माहीत नाही," असं म्हणून ते हसले.

मी खोलीत परत आले. बिघाडाचा अर्ज पडद्यावर उघडला. दोन ओळींचं काम होतं. पण तो भरला तर समोर पुन्हा मीच बसणार, तो पुन्हा अडणार आणि सेकंद पुन्हा पळणार. या वेळी काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, हीच तर अडचण. मी 'पाहिजे' म्हटलं असतं. त्यालाही त्यानं मान हलवली असती.

सहज म्हणून मी माझ्या जुन्या नोंदी उघडल्या. सहज नव्हे, भीतीनं. सहाशे चाळीस होत्या, मी वीस बघितल्या. त्यातल्या सातांमध्ये माझा आवाज होता. हे लोक अडखळणारे नव्हते. कुणी विचार करत होतं, कुणाला रडू आलं होतं, धनगरवाड्यावरच्या एका बाईला शहरी बोलणं सुचत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी मी मदतीला धावले होते. "घ्यायचंय, असंच ना?" "नको म्हणताय ना?" आणि सगळ्यांनी मान हलवली होती. त्या बाईनं मान हलवण्यापूर्वी माझ्याकडे जसं बघितलं, तसं बघणं मी लहानपणापासून घरात बघत आले होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

मी बिघाडाचा अर्ज बंद केला. दुसरा उघडला. 'नाते: सख्खा भाऊ. नाते लपवले. समुपदेशकाने पालकाचे वाक्य पूर्ण केले. आधीच्या नोंदींमध्येही असे झालेले आढळते, तपासणी व्हावी.' पाठवून दिला. डॉ. नदाफ दुपारी धावत आले आणि म्हणाले, "मॅडम, काय केलंत हे! हातची नोकरी गेली की." मी म्हटलं, "हो." चौकशी होईपर्यंत मला घरी बसवल्याचा आदेश दुसऱ्याच दिवशी आला.

संमती बुधवारी झाली. खोली माझीच, पण खुर्चीवर मी नव्हते. कोल्हापूरची समुपदेशक पडद्यावर होती. अबोली कांबळे, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. तिनं अर्ज वर-खाली केला, धैर्याला नाव विचारलं, तो 'ध'वर अडला, तशी तिनं 'वाचादोष'च्या चौकोनात खूण केली. एक सेकंद लागला. तोंडावर ना दया, ना संकोच. मी चौतीस वर्षं जो शब्द अडवून धरला होता तो तिनं चष्म्याचा नंबर लिहावा तसा लिहिला.

"आता वेळेचं बंधन नाही," ती म्हणाली. "हवा तेवढा वेळ घ्या. मी कुठं जात नाही."

मी दोघांसोबत आले होते, पण दाराबाहेर थांबणार होते. धैर्यानं हात केला, भिंतीशी एक खुर्ची सरकवली आणि तिच्याकडे बोट दाखवलं. अबोलीनं विचारलं, "ह्या बसल्या तर चालेल का तुम्हाला?" त्यानं मान हलवली. मग थांबून, जोर लावून, "हो... होय," म्हणाला. अबोली मला म्हणाली, "तुम्ही काही बोलायचं नाही." मी बरं म्हटलं.

त्यानं सुरुवात केली. 'आम्हाला'ला बराच वेळ लागला. 'इंजेक्शन'ला त्याहून जास्त. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले होते. नखं रुतत होती. माझ्या तोंडात प्रत्येक शब्द त्याच्या आधी तयार असायचा, जिभेच्या टोकाशी येऊन थांबायचा. अबोली पडद्यावरून त्याच्याकडे बघत होती, घाई नाही, मदत नाही. समृद्धी पायाशी बघत होती. कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला. आणि मग 'पाहिजे' आलं, स्पष्ट, अगदी न अडखळता.

"नोंद झाली," अबोली म्हणाली. "कारण सांगायची गरज नाही."

"सां... सांगायचंय," धैर्या म्हणाला.

"सांगा."

तो माझ्याकडे वळला. कॅमेऱ्याकडे त्याची पाठ झाली, तरी अबोलीनं त्याला हटकलं नाही.

"मला अ... अडखळायचं भ्या न्हाई," तो म्हणाला. "मी रोज अ... अडखळतोय. त्यानं काय मरत न्हाई माणूस." इथवर यायला चार मिनिटं गेली. त्याला घाम आला होता. "पर बा... बाळ जर माझ्यासारखं झालं, तर अक्का... अक्का त्याला..."

इथं तो अडला. या वेळचं अडणं मोठं होतं. ओठ मिटलेले, डोळे माझ्यावर. पुढचा शब्द मला माहीत होता. अक्का त्याला सांभाळून घेईल. माझ्यासारखंच जपेल. आयुष्यभर दुसरं काय केलं मी? डोळे भरून आले. एवढं सगळं होऊनही हा मुलगा माझ्याविषयी चांगलंच बोलतोय, असं मनात आलं. तो शब्द त्याच्या हातात ठेवावा आणि त्याचे हाल थांबवावेत, यासाठी माझा जीव तुटत होता. पण बरं म्हटलं होतं. आमच्या दोघांच्या आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याच्या वाक्याच्या शेवटापर्यंत थांबले.

"...बोलू द्यायची न्हाई," धैर्या म्हणाला.

अबोलीनं ते लिहून घेतलं, कारण लिहून घेणं तिचं कामच होतं. "अजून काही?" तिनं विचारलं. तो नाही म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी कळलं की हा राग मला त्याच्यावर कधी आलाच नव्हता, कारण माझ्या मनाविरुद्धचं एकही वाक्य त्याच्या तोंडून मी आजवर पुरं ऐकलं नव्हतं. कपाळावरचा घाम पुसत तो खुर्चीत मागे टेकला. अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाली होती.

मग समृद्धीनं खुर्ची पुढं ओढली आणि आपलं म्हणणं सांगायला लागली.